सुईनं खरवडलेली जागा

दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी,
अल्वरस्टनच्या वाचनालयात हीटरजवळचं टेबल माझं.
चाळीस वर्षं लोकांच्या दातांचे एक्स-रे वाचले,
आता त्यांच्या पणजोबांच्या टोप्या वाचतो.
काम तेच. करड्यात करडं शोधायचं.

फोटो येतात बिस्किटांच्या डब्यातून, बायबलच्या पानांतून,
एकदा पावाच्या पिशवीतून आला, कडेला लोणी लागलेला.
मी आधी चेहरा बघत नाही.
चेहरा बघितला की माणूस फसतो:
घरचं नाक, घरची हनुवटी,
मग पुढचं सगळं घरच्यांनी सांगितलं तसंच दिसायला लागतं.
मी टोपी बघतो.
भिंग, तिरपा दिवा, पुन्हा भिंग.

सिंह असला तर लँकेस्टरची पलटण.
(शेपटी फोटोत हरवते. पाय मोजावे लागतात.)
ओकचं पान म्हणजे चेशायर.
तोफ म्हणजे तोफखाना, आणि चाक नीट बघा,
काही बिल्ल्यांवर ते खरंच फिरायचं,
कंटाळलेली पोरं बोटानं फिरवत बसत असणार.
सोळा सालापासून काटकसर, नुसतं पितळ,
त्यावर स्टुडिओच्या खिडकीचा उजेड पडला
की उरतो एक पांढरा डाग.
तेव्हा मी म्हणतो, माहीत नाही.
लोकांना ते आवडत नाही.

म्यूरिएल टायसनला तर सगळं माहीतच होतं.
"आजीचा भाऊ, आयझॅक. लँकेस्टरची पलटण.
फ्रान्सहून आला, छातीत पाणी झालं, गेला.
तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या, नातवाच्या शाळेसाठी."
आणि पुरावा म्हणून पर्समधून सिंह काढला,
आजीच्या सुयांच्या डबीत सापडलेला.
मी तो उलटा केला.
मागची पट्टी सरळ, नवीकोरी.
कुठल्याच टोपीत ती कधी गेली नव्हती.
काही बोललो नाही.

फोटोत पाच जण, खाणीच्या तोंडाशी.
पाच टोप्या,
आणि पाचही बिल्ल्यांच्या जागी कागदाचा पांढरा लव.
सुईनं खरवडलेलं. बारीक, एका दिशेनं,
भरतकाम करणाऱ्या बाईचा हात.
चेहऱ्यांवर एकही ओरखडा नाही.

फक्त मागच्या रांगेतला उंच पोरगा, मान वळवलेला,
त्याच्यापर्यंत येईतो हात दमला असेल,
किंवा दारात कुणीतरी आलं असेल.
त्याच्या टोपीवर एक अक्षर शाबूत, एक अर्धं.
मुकुट नाही. पान नाही. जनावर नाही.
कुणाच्या कमरेला संगीन अडकवायचा पट्टाही नाही.

बंदूक हातात घेणार नाही म्हणणाऱ्यांची
सोळा साली वेगळी तुकडी काढली होती.
गणवेश दिला, रस्ते खणायला लावले,
आणि टोपीवर नुसती तीन अक्षरं.
हे मी दात काढताना सांगायचो तसं सांगितलं,
हळू, आणि एकदम.

म्यूरिएल बराच वेळ हीटरकडे बघत होती.
"खाटीक आजीला मटण तोलून द्यायचा नाही," ती म्हणाली.
"आम्हाला वाटायचं उधारी असेल."
मग सिंह उचलला, परत ठेवला.
"हा विकत आणला असेल का तिनं?"
माहीत नाही, मी म्हटलं.
या वेळी ते खरंच माहीत नव्हतं.

कागदावर लिहिलं:
बिल्ला: तीन अक्षरं, पितळ. आणखी काही नाही.
तिनं वाचलं, माझंच पेन मागितलं,
खाली लिहिलं: हातात फावडं. हसतोय.

तेव्हा मी चेहरा बघितला.
तिच्यासारखा नव्हता अजिबात.